स्वयंपाकघरातील टाइल्सचे सांधे : बिघाड, निदान आणि दुरुस्ती

ओट्यामागची सिरॅमिक टाइल्सची भिंत दुरून एकसंध दिसते. जवळ गेल्यावर ती तुकड्यांची असल्याचे कळते, आणि दोन तुकड्यांमधली दोन-तीन मिलिमीटरची रेघ बहुतेक घरांत टाइलपेक्षा अधिक मळकी, अधिक थकलेली दिसते. या रेघेत भरलेल्या पदार्थाला ग्राउट म्हणतात. चिऱ्याच्या किंवा दगडाच्या भिंतीच्या बाबतीत गवंडी ज्याला दर्जा भरणे म्हणतात, त्याच जातीचे हे काम. टाइलच्या चकाकत्या पृष्ठभागावरचे तेल फडक्याने निघते. सांध्यात मात्र ते मुरते, आणि त्यामागोमाग हळद, वाफ, काजळी व साबणाचे पाणीही मुरते.

गोव्यात चवथीच्या तोंडावर घरांना रंग काढला जातो, तेव्हा या सांध्यांचीही आठवण होते. पांढऱ्या सिमेंटची पातळ पेज कालवून ती जुन्या सांध्यांवरून फिरवली जाते. गणपतीच्या दिवसांत भिंत उजळ दिसते. दिवाळीच्या फराळापर्यंत तिचे पापुद्रे सुटू लागतात. पुढच्या वर्षी तोच उपचार पुन्हा होतो. यात दोष सिमेंटचा नसतो. तेलकट, भुसभुशीत झालेल्या थरावर नखाएवढ्या जाडीचा नवा थर धरून राहू शकत नाही, इतकेच. सांध्यांच्या दुरुस्तीतील निम्म्याहून अधिक काम जुने काढण्याचे आहे. भरणे हा त्यातला सोपा भाग.

सांधा कशासाठी असतो

भट्टीतून निघालेल्या दोन टाइल्स कधीच तंतोतंत एका मापाच्या नसतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५६२२ या मानकातही मापातील थोड्या फरकाला मुभा आहे. हा फरक सांधा पोटात घेतो. शिवाय चुलीच्या उष्णतेने टाइल किंचित प्रसरण पावते, भिंत ऋतुमानाप्रमाणे ओली-सुकी होते, नवी इमारत बसत जाते. या सगळ्या सूक्ष्म हालचालींना वाव हवा असतो. टाइलला टाइल भिडवून, मध्ये जागाच न ठेवता बसवण्याची पद्धत अनेक वर्षे सुबकतेचे लक्षण मानली गेली. अशा भिंतीत ग्राउटला शिरायला जागाच नसते. रेघेवर फक्त सिमेंटची बुकटी बसते, आणि हालचाल झाली की कडांचे टवके उडतात. दोन ते तीन मिलिमीटरचा सांधा हा कारागिराचा आळस नसून शहाणपणा आहे.

भिंतीवरच्या सिरॅमिक टाइलबद्दल आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. तिचा दर्शनी भाग काचेसारखा असला तरी पाठ सच्छिद्र मातीची असते. आयएस १५६२२ नुसार भिंतीसाठीच्या या वर्गातील टाइल आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड टाइलसाठी हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. सांधा फुटला की पाणी टाइलच्या पाठीशी पोहोचते. तिथे ते मालाचा थर भिजवते, आणि टाइलची माती ओलाव्याने किंचित फुगते. वरची काच फुगत नाही. मग तिच्यावर केसांसारख्या बारीक चिरांचे जाळे उमटते. ते जाळे कोणत्याही ग्राउटने भरून येत नाही.

सिमेंटचे ग्राउट स्वतः जलरोधक नसते, हेही येथेच सांगितले पाहिजे. ते पाण्याचा वेग मंदावते, पाणी थोपवत नाही. पाणी थोपवायचे काम त्यामागच्या गिलाव्याचे आणि जलरोधक लेपाचे असते. ओलसर भिंतीवर केवळ सांधे भरून ओल जाईल अशी अपेक्षा ठेवली, तर निराशाच पदरी पडते.

आधी निदान

सांधा का फुटला हे समजण्यापूर्वी त्याला हात लावू नये. तपासणीला एक नाणे किंवा लाकडी मूठ पुरते. प्रत्येक टाइलच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर हलके ठोकावे. टणक, बारीक आवाज आला तर टाइल भिंतीला धरून आहे. भांड्यावर ठोकल्यासारखा पोकळ आवाज आला तर मागे जागा सुटलेली आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी टाइलच्या मधोमध मालाचा एक गोळा ठेवून ती दाबून बसवली जाते. त्यामुळे कोपरे पोकळ राहतात. केवळ कोपरा पोकळ वाजत असेल आणि टाइल हलत नसेल, तर तिच्यावर नजर ठेवून सांधा भरता येतो. संपूर्ण टाइल पोकळ वाजत असेल किंवा बोटाने दाबल्यावर किंचित हलत असेल, तर ती काढून पुन्हा बसवण्याखेरीज उपाय नाही. पेटत्या शेगडीवर, उकळत्या तेलाच्या कढईत भिंतीवरची टाइल सुटून पडली तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

चिरांची ठेवण पुष्कळ सांगून जाते. ओटा आणि भिंत यांच्यामधल्या आडव्या रेघेतच चीर असेल, तर ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलत आहेत. हे सर्वत्र होते आणि त्याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येईल. चीर सांध्यांची वाट सोडून टाइल्समधूनच तिरपी वर गेली असेल, तर ती मागच्या भिंतीची चीर आहे. तेथे टाइलवाल्याआधी अभियंत्याला बोलवावे. सांध्यांवर पांढरी, मिठासारखी भुकटी जमत असेल, तर भिंतीतून पाणी बाहेर येत आहे आणि येताना सिमेंटमधील क्षार सोबत आणत आहे. भुकटी पुसून काही साधत नाही; पाण्याचा उगम शोधावा लागतो.

हा उगम बहुधा तीनपैकी एक असतो. पहिला, भिंतीत दडवलेला नळ. घरातील सगळे नळ बंद करून, कोणीही पाणी वापरणार नाही अशा वेळी पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा आणि तासा-दोन तासांनी पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. दुसरा, बेसिनच्या कडेची फट. तिसरा उगम गोव्याच्या हवामानाशी जोडलेला आहे. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर. त्यात भिंत चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो. पश्चिमेकडच्या भिंतीला झड लागली की बाहेरचे पाणी आत झिरपते. जुन्या घरांत अशा भिंतींना पावसाळ्याआधी माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत, ते उगीच नव्हे. स्वयंपाकघराची भिंत अशी बाहेरची असेल, तर दुरुस्ती बाहेरच्या गिलाव्यापासून सुरू करावी लागते. आतले सांधे नंतर.

काळे ठिपके बुरशीचे की काजळीचे, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. पाण्यात मिसळलेल्या ब्लीचचा एक थेंब ठिपक्यावर टाकावा. काही मिनिटांत रंग फिका पडला तर ती बुरशी. तसाच राहिला तर तेलकट काजळी. ही चाचणी करताना खिडकी उघडी असावी, आणि त्या दिवशी भिंतीवर दुसरे कोणतेही स्वच्छतेचे रसायन वापरलेले नसावे. यामागचे कारण थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे.

ॲसिडची सवय

बहुतेक घरांतले सांधे वापराने नव्हे, तर ‘स्वच्छतेने’ मरतात. फरशी धुण्याचे ॲसिड म्हणून बाजारात मिळणारे द्रावण हे सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल असते. शौचालय स्वच्छ करण्याच्या अनेक द्रावणांतही तेच असते. सिमेंटमध्ये चुन्याचे संयुग असते आणि आम्ल ते विरघळवते. सांध्यावर ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो, तो मळ निघाल्याचा नव्हे, सांधाच विरघळत असल्याचा पुरावा आहे. वरचा काळा थर गेल्यामुळे रेघ पांढरी दिसते, पण ती खडबडीत आणि अधिक सच्छिद्र झालेली असते. पुढच्या वेळी मळ दुप्पट लवकर धरतो, आणि मग ॲसिडही दुप्पट लागते.

स्वयंपाकातल्या आंबटाचाही हाच गुण, मंद गतीचा. कोकमाचे आगळ, चिंचेचा कोळ, माडाच्या ताडीचे व्हिनेगर सांध्यावर सांडून तसेच राहिले तर तेथील सिमेंट हळूहळू झिजते. त्यामुळे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सांधे घासण्याचा घरगुती उपाय जितका लोकप्रिय आहे तितका उपयोगी नाही. दोन्ही एकत्र येताच एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस डोळ्यांना सुखावतो, मागे उरते ते जवळजवळ खारट पाणी. नुसत्या सोड्याची दाटसर लुगदी आणि जुना दात घासण्याचा ब्रश यांनी अधिक काम होते. हळदीच्या डागांसाठी तर घासण्याचीही फारशी गरज नसते: हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही. खिडकीजवळच्या सांध्यांवरचे डाग काही दिवसांत आपोआप फिके पडतात. ताज्या सिमेंटवर मात्र हळद सांडली तर डाग तांबूस होतो. हळदीला चुना लागल्यावर कुंकवाचा रंग येतो तोच हा प्रकार, कारण ताजे सिमेंटही चुन्यासारखेच अल्कधर्मी असते.

खरा धोका ॲसिड आणि ब्लीच एकत्र येण्यात आहे. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. बंद, अरुंद स्वयंपाकघरात तो डोळे, घसा आणि फुप्फुसे यांना गंभीर इजा करू शकतो. कुणी मुद्दाम मिसळत नाही. सकाळी एका बाटलीने घासले, डाग गेला नाही म्हणून दुपारी दुसरी बाटली ओतली, असे घडते. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणाबरोबरही ब्लीच वापरू नये. त्यातूनही विषारी वायू निघतात. उग्र वास येऊन डोळे झोंबू लागले तर पुसत बसू नये, बाटल्यांची झाकणे शोधू नयेत. तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि श्वासाला त्रास होत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भरण्याचे पदार्थ

पांढरे सिमेंट, सिमेंटचे तयार ग्राउट आणि इपॉक्सी ग्राउट असे तीन पर्याय दुकानात मिळतात. पांढरे सिमेंट सर्वांत स्वस्त. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. पांढरे सिमेंट हे त्याच कुळातले, फक्त रंग देणारे लोहाचे अंश अत्यल्प ठेवून बनवलेले. नुसते वापरले तर ते वाळताना आकसते, त्यात केसासारख्या चिरा पडतात, आणि तेल ते भरभरून पिते. देवघरामागच्या किंवा बैठकीच्या खोलीतल्या टाइलला ते चालून जाते. फोडणी उडणाऱ्या भिंतीला नाही.

तयार ग्राउटमध्ये सिमेंटबरोबर बारीक भुकटी, रंग आणि चिवटपणा देणारे पॉलिमर असते. तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद सांध्यासाठी वाळूविरहित आणि त्याहून रुंद सांध्यासाठी बारीक वाळू असलेले, असा साधारण नियम आहे. घरच्या घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्यासाठी हाच पदार्थ योग्य. चुकले तर सुधारता येते.

इपॉक्सीत सिमेंट नसते. राळ, तिला घट्ट करणारे दुसरे द्रावण आणि भुकटी असे दोन किंवा तीन घटक कालवल्यावर रासायनिक क्रियेने ते कडक होते. तेल, हळद, आगळ यांचा त्यावर सहसा परिणाम होत नाही. किंमत सिमेंटच्या ग्राउटच्या कित्येक पट. शेगडीमागच्या चार-सहा ओळी आणि बेसिनभोवतालचा भाग एवढ्यापुरते इपॉक्सी, बाकी भिंतीला सिमेंटचे ग्राउट, ही तडजोड शहाणपणाची ठरते. मात्र इपॉक्सी क्षमाशील नाही. कालवल्यानंतर हातात मर्यादित वेळ असतो आणि तो उष्णतेने आणखी घटतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी तर विशेष. टाइलवर राहिलेला पातळ थर वेळेत पुसला नाही, तर तो कायमचा बसतो.

प्रमाणाचा अंदाज मात्र घरबसल्या येतो. दहा फूट लांब आणि दोन फूट उंच अशी ओट्यामागची भिंत म्हणजे वीस चौरस फूट, अर्थात १.८६ चौरस मीटर. टाइल २०० मिलिमीटर चौरस असेल, तर दर चौरस मीटरला दहा मीटर सांधा येतो. म्हणजे एकूण साधारण साठ फूट. दोन मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर खोल सांध्याला सिमेंटचे ग्राउट जेमतेम चारशे ग्रॅम लागते. एक किलोचे पाकीट सांडलवंड धरूनही पुरते. कामाचे मोल पदार्थात नसून त्या साठ फुटांवर खर्च होणाऱ्या हातांत आहे.

जुने काढणे

काम सुरू करण्यापूर्वी टाइल्समध्ये बसवलेल्या विजेच्या खटक्यांचा पुरवठा मुख्य फळीवरून बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर बंद करून शेगडी हलवावी, ओट्यावर जाड चादर आणि तिच्यावर पुठ्ठा अंथरावा. सांधे साबणाच्या कोमट पाण्याने घासून तेल काढावे आणि सुकू द्यावेत. तेलकट सांधा खरवडला तर तेल कडांवर आणखी पसरते.

खरवडण्यासाठी दातेरी पात्याचे हत्यार मिळते. ते नसेल तर मुठीला कापड गुंडाळलेले हॅक्सॉचे पाते चालते. पाते सांध्याच्या मधोमध चालवावे आणि कडांजवळचे नंतर टोकदार हत्याराने सोडवावे. टाइलच्या कडेची काच सर्वांत नाजूक असते. तिचा टवका उडाला की भिंतीला कायमचा डाग लागला. विजेवर चालणारे कापणी यंत्र घाई असलेले कारागीर वापरतात. ते वेगवान असले तरी दोन मिलिमीटरच्या सांध्यात जराही हात हलला की टाइल कापली जाते, आणि धूळ घरभर होते. या धुळीत सिलिका असते. ती दीर्घकाळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांचा असाध्य आजार होतो. एका दिवसापुरते काम करणाऱ्या घरमालकापेक्षा रोज हेच करणाऱ्या कारागिराला तो धोका कितीतरी पटीने अधिक आहे. त्याने तोंडाला रुमाल बांधलेला असतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. बारीक कण गाळणारा मुखवटा आणि डोळ्यांचा चष्मा घरमालकाने आणून दिला, तर त्याचा खर्च पाकीटभर ग्राउटहून फार होत नाही.

किती खोल काढायचे? टाइलच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोहोचणे उत्तम. सगळीकडे ते शक्य नसते. पण तीन मिलिमीटरहून कमी खोली असेल तर नवे ग्राउट धरणार नाही. जे घट्ट आहे ते तळाशी राहिले तरी चालते, जे पाते लागताच भुरभुरते ते सगळे निघालेच पाहिजे. शेवटी सुक्या ब्रशने आणि असल्यास व्हॅक्यूमने धूळ काढावी.

भिंत आतून सुकलेली हवी. चवथीपूर्वीची घाई नेमकी येथे नडते: ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंती पाणी पिऊन बसलेल्या असतात. त्या ओलीवर इपॉक्सी धरत नाही आणि सिमेंटच्या ग्राउटवर लवकरच पांढरी भुकटी येते. बाहेरच्या भिंतीचे काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत करावे. आतल्या कोरड्या भिंतीला ऋतूचे बंधन नाही.

भरणे

हातात रबरी मोजे असावेत. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि तासभर त्यात वावरलेल्या बोटांना भाजल्यासारखी जखम होते. इपॉक्सीने काहींना त्वचेची ॲलर्जी जडते. भांड्यात आधी पाणी घ्यावे आणि त्यात भुकटी थोडी थोडी घालत कालवावे. पाणी पिण्याजोगे असावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात; त्या पाण्यातले मीठ नंतर सांध्यावर फुलते. मिश्रण श्रीखंडाइतके घट्ट, थापी उभी धरली तरी न ओघळणारे. ते पाच-दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा ढवळावे, आणि त्यानंतर एकही थेंब पाणी वाढवू नये. ग्राउट कमजोर होण्याचे, चिरा पडण्याचे आणि रंग जागोजागी वेगळा दिसण्याचे सर्वांत मोठे कारण हे नंतर घातलेले पाणी असते.

रबराच्या तळाचा रंधा सांध्यांना तिरपा धरून मिश्रण आत दाबावे. सरळ रेघेत चालवला तर त्याची कड सांध्यात उतरून भरलेले उकरून काढते. एका वेळी चार-पाच चौरस फुटांपेक्षा अधिक भाग घेऊ नये. पंधरा ते तीस मिनिटांनी, बोट लावल्यावर चिकटेनासे झाले की नीट पिळलेल्या स्पंजाने तिरपे पुसावे. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी स्पंज धुवावा आणि पाणी वारंवार बदलावे. स्पंज निथळता असेल तर सांध्यातला रंग वाहून जातो. दोन-एक तासांनी टाइलवर धुरकट साय दिसेल, ती सुक्या मऊ कापडाने निघते. ते धुतलेले पाणी बेसिनमध्ये ओतू नये; सिमेंट नळीत जाऊन बसते. बादलीत गाळ बसू द्यावा आणि तो घराबाहेर टाकावा.

चोवीस तास त्या भिंतीजवळ स्वयंपाक नको, भांडी घासणे नको. पुढचे दोन-तीन दिवस, पाकिटावर मनाई नसेल तर, सांध्यांवर पाण्याचा हलका फवारा मारावा. सिमेंट सुकून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. पाकिटावर सांगितलेल्या मुदतीनंतर सिमेंटच्या सांध्यांना मुरणारा सीलर लावता येतो. तो लागला आहे की नाही हे पाण्याच्या थेंबावरून कळते: थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर सीलर शाबूत आहे, सांधा ओला होऊन गडद झाला तर तो पुन्हा लावायची वेळ आली आहे. इपॉक्सीला सीलर लागत नाही. इपॉक्सी कालवताना संपूर्ण संच वापरावा. अर्धाच हवा असेल तर डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर प्रमाण मोजावे. कालवलेला गोळा डब्यात ठेवला की स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतो, म्हणून तो सपाट ताटलीत पसरून ठेवावा.

ओट्याची कड आणि कोपरे

ओटा आणि भिंत यांचा सांधा, तसेच दोन भिंतींचा उभा कोपरा, यांत ग्राउट भरू नये. गोव्यात बहुतेक ओटे ग्रॅनाइटचे असतात. जड दगड आणि त्यामागची भिंत एकत्र हलत नाहीत, आणि कडक ग्राउट अशा ठिकाणी हमखास तडकते. तडकलेल्या याच रेघेतून ओट्यावरचे पाणी खाली कपाटात उतरते, प्लायवूड फुगते आणि झुरळांना वाट मिळते. स्वयंपाकघरातील दुरुस्तीत सर्वाधिक केली जाणारी चूक हीच, आणि ती अनुभवी कारागीरही करतात.

तेथे लवचिक सिलिकॉन सीलंट हवे, बुरशीरोधक असलेले. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन घट्ट होताना आम्ल सोडते. संगमरवर आणि सिमेंट यांना ते बाधते, म्हणून दगडी ओट्यासाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागून घ्यावे. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे, कारण नवे सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून, हात न थांबवता एकाच ओघात सीलंट भरावे, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सारखे करावे आणि वर साय धरण्याआधीच पट्टी काढून घ्यावी. एक दिवस पाणी लागू देऊ नये.

एखादी टाइल बदलणे

पोकळ वाजणारी टाइल काढायची असेल तर आधी तिच्या चारही बाजूंचे सांधे पूर्ण मोकळे करावेत; नाहीतर घणाचा धक्का शेजारणीपर्यंत जातो. मग मधोमध छिद्र पाडून छन्नीने मध्यापासून कडेकडे तुकडे काढावेत. डोळ्यांवर चष्मा अनिवार्य. फुटलेली सिरॅमिक काचेइतकीच धारदार असते. मागचा माल खरवडून नवी टाइल आयएस १५४७७ या मानकाच्या चिकटद्रव्याने बसवावी, पाठीवर ते सर्वत्र दातेरी थापीने पसरून. मधोमध गोळा ठेवणे नको, कारण पहिली टाइल त्यामुळेच सुटली होती. ग्राउट दुसऱ्या दिवशी.

जुळणारी टाइल मिळणे हीच खरी अडचण. भारतातील बहुतांश सिरॅमिक टाइल्स गुजरातमधील मोरबी परिसरात बनतात आणि तेथील नक्ष्या भराभर बदलतात. एकाच नक्षीच्या दोन खेपांच्या छटांतही फरक असतो. घर बांधताना उरलेल्या दहा-बारा टाइल्स अंगणात पायऱ्या करायला न वापरता माळ्यावर ठेवल्या असतील, तर त्या घराला ही अडचण येत नाही. मेळ बसतच नसेल तर शेगडीमागची पूर्ण एक ओळ वेगळ्या रंगात करणे एकटी विजोड टाइल लावण्यापेक्षा बरे दिसते.

गोव्यातील काही जुन्या घरांत हाताने रंगवलेल्या आझुलेजो टाइल्स आहेत. पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या आझुलेजो अनेकांनी पाहिलेल्या असतील. घरातल्या अशा जुन्या टाइल्स चुन्याच्या मालात बसवलेल्या असतील, तर त्यांना वरील कोणतीही कृती लागू होत नाही. कडक सिमेंट किंवा इपॉक्सी सांध्यात भरली तर हालचालीचा आणि ओलाव्याचा सगळा ताण मऊ टाइलवर येतो आणि तिचा रंगीत थर सुटतो. तेथे चुनाच वापरावा, आणि तोही जुन्या वास्तूंचे काम जाणणाऱ्याच्या हातून.

कारागिराकडून काम करून घेताना

भाव ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: जुने किती खोल काढणार, कशाने काढणार, आणि ओट्याच्या कडेला काय भरणार. ‘काढायची गरज नाही, वरून मारतो’ असे उत्तर आले तर ते काम एका सणापुरते आहे असे समजावे. भाव चौरस फुटावर सांगितला जात असेल, तर लहान टाइलच्या भिंतीत सांध्याची लांबी कितीतरी अधिक असते हे ध्यानात ठेवून धावत्या फुटावर ठरवणे दोघांनाही न्याय्य. काम संपल्यावर हिशेब करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळच्या तिरप्या उजेडात भिंत पाहावी. खोलगट राहिलेले सांधे आणि पुसायचे राहिलेले डाग तेव्हाच दिसतात.

रंग निवडताना शुभ्र पांढऱ्याचा मोह टाळावा. फिकट राखाडी किंवा बदामी छटा वर्षभरानंतरही ताजी वाटते. निवडलेली छटा पुठ्ठ्यावर थोडी लावून पूर्ण सुकल्यावरच पाहावी, कारण ओले ग्राउट नेहमी गडद दिसते. काही सांधेच बदलायचे असतील तर नवे आणि जुने शेजारी शेजारी वेगळे दिसणारच. निदान एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचा सलग भाग करावा. आणि पाकिटावरचा छटेचा क्रमांक, कंपनीचे नाव व कामाची तारीख ओट्याखालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. पाकीट कचऱ्यात गेल्यावर तो क्रमांक दुसरीकडे कुठेही सापडत नाही.